व्हायोलिनच्या जोडीला सोळा इंची व्हायोला: नागपूरच्या हवेतली परीक्षा

व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खालच्या स्वरांचा भाऊ, एकट्याने वाजवून पाहून विकत घेऊ नये. तो ज्या व्हायोलिनसोबत वाजणार आहे ते व्हायोलिन दुकानात सोबत न्यावं, दोघांनी एकाच वेळी वाजवावं, तिसऱ्याने दहा-बारा फुटांवरून ऐकावं आणि मगच पैसे मोजावेत. एकटा वाजताना भरदार वाटलेला व्हायोला जोडीत पार दबून जातो. उलट जरासा घोगरा, नाकातला वाटलेला एखादा व्हायोलिनखाली असा काही बसतो की कोणता स्वर कोणाचा हे सांगता येत नाही. सोळा इंची विद्यार्थी व्हायोलाचं हे परीक्षण त्याच कसोटीवर केलं आहे. पेटी, बो (तारांवर घासायचा गज) आणि रोझिनसकट (बोच्या केसांना चोळायची राळ) सेटमध्ये मिळतो तो हा व्हायोला. नावं वेगवेगळी असतात, पण बांधणी आणि खोडी बहुतेक सारख्याच.

नागपुरात व्हायोलिन मिळायला अडचण नाही, बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात गिटारींच्या शेजारी ते टांगलेलं असतं. व्हायोला मात्र सहसा मागवावा लागतो. मागवायचं म्हटलं की पहिला सल्ला हमखास येतो: "कशाला भाऊ, व्हायोलिनलाच व्हायोलाच्या तारा लावून देतो की!" स्वस्तातली सोय आहे, पण जोडीत वाजवायचं असेल तर हा सल्ला घेऊ नका.

कारण साध्या हिशेबात आहे. फुल साइझ व्हायोलिनच्या पोटाची लांबी १४ इंच, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर, आणि तारेचा वाजणारा भाग साधारण ३२५ मिलिमीटर. सोळा इंची व्हायोलात हा भाग ३७०च्या आसपास जातो. तीच तार त्याच स्वराला लावली तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे व्हायोलिनवर तो जवळजवळ २३ टक्क्यांनी कमी पडतो. सगळ्यात जाड असलेली सी तार मग लुळी पडते. बो जरा दाबला की स्वर सुरुवातीला वर चढतो आणि मग खाली येतो, जोरात वाजवलं तर तार फिंगरबोर्डवर (बोटं दाबायच्या पट्टीवर) फडफडते. व्हायोलिनच्या लांबीसाठी मुद्दाम बनवलेल्या जाड तारा मिळतात, त्यांनी लुळेपणा कमी होतो. पण पोटातली हवा व्हायोलिनचीच राहते. व्हायोलिनच्या पोकळीचा मूळ अनुनाद २७०-२८० हर्ट्झच्या आसपास असतो आणि सी तारेचा स्वर १३१ हर्ट्झचा. त्या खर्जाला लाकडाकडून आधारच मिळत नाही. वर या तारांसाठी नटच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतात, नंतर पुन्हा व्हायोलिनच्या तारा लावल्या की त्या खाचेत हलतात. आल्टो क्लेफ (व्हायोलाच्या स्वरलिपीची खूण) वाचायचा सराव करायला किंवा लहान मुलाला चव द्यायला ही सोय ठीक, त्यापुढे नाही.

पंधरा इंची व्हायोला हा मधला मार्ग. ज्याचा हात आखूड आहे, खांदा किंवा मनगट आधीच कुरकुरतंय, त्याने बिनदिक्कत पंधरा घ्यावा. सी तार थोडी अशक्त राहील, पण टंगस्टनचं वेष्टण असलेली सी तार लावली तर बरीचशी भरपाई होते. बाकीच्यांनी हाताला झेपेल तेवढा मोठा घ्यावा. सोळा इंच ही बहुतेक प्रौढ हातांना झेपणारी मापं संपतात त्याच्या जरा अलीकडची जागा आहे. झेपतो का हे बघायचा साधा उपाय असा: वाद्य खांद्यावर घेऊन सी तारेवर पहिल्या पोझिशनमध्ये (हात नटजवळ असताना) चौथं बोट ठेवा. मनगट आत कोसळलं, किंवा बोट टेकवताना पहिलं बोट जागचं उचललं गेलं, तर माप मोठं आहे. आणि माप वाद्याच्या पाठीवरून घ्यायचं, गळ्याजवळचं बटण सोडून, सोळा इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. काही विक्रेते बटणासकट मोजून सोळा सांगतात.

खरं तर सोळा इंचही कमीच. व्हायोलिनपेक्षा पंचमाने खाली जायचं आणि आवाज तितकाच मोकळा हवा तर पोट दीडपट, म्हणजे एकवीस इंचांचं लागेल, आणि ते खांद्यावर धरता येणार नाही. म्हणून प्रत्येक व्हायोला ही तडजोड आहे, त्याचा झाकलेला, थोडा सर्दी झाल्यासारखा आवाज त्या तडजोडीतूनच येतो. दोन व्हायोलिनांच्या जोडीत दोन्ही एकाच पट्ट्यात चमकतात आणि एकमेकांच्या अंगावर येतात. व्हायोला ती चमक सोडून देतो. जोडी जमते ती त्यामुळेच.

पेटी उघडल्यावर

सेटमधला व्हायोला वाजवण्याच्या अवस्थेत येतो असं समजू नका. प्रवासात ब्रिज (तारा उचलून धरणारी घोडी) आडवा केलेला असतो, तारा सैल असतात. आधी साउंडपोस्ट (पोटातली उभी लाकडी काडी) उभा आहे ना ते एफ-होलमधून (वरच्या फळीतल्या एफच्या आकाराच्या छिद्रातून) बॅटरी मारून बघा. पडला असेल तर तारा अजिबात ताणू नका, वरची फळी दबून तडकते. पोस्ट उभा असेल तर तो ब्रिजच्या ए तारेकडच्या पायाच्या किंचित मागे असायला हवा. ब्रिज एफ-होलमधल्या आतल्या खाचांच्या रेषेत, मागची बाजू सरळ, पुढे झुकलेला नको.

मग तारांची उंची. फिंगरबोर्डच्या टोकाशी ए तार साडेचार ते पाच मिलिमीटर आणि सी तार सहा ते साडेसहा मिलिमीटर वर असली की हात सुखावतो. नव्या सेटमध्ये त्या बऱ्याचदा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त उंच असतात. एवढ्याने डाव्या हाताची बोटं दुखतातच, शिवाय दाबताना तार लांब खेचली जाऊन प्रत्येक स्वर किंचित वर जातो. एकटं वाजवताना ते कानाला कळतही नाही, व्हायोलिन शेजारी आलं की लगेच खटकतं. ब्रिज तासायचा तो वरून, पायांकडून कधीच नाही. नटची परीक्षा व्हिजिटिंग कार्डने होते: नटलगत तारेखाली कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. कार्डाच्या वर अजून मोकळी जागा दिसली तर खाच खोल करायची आहे. हे काम व्हायोलिनचं सेटअप नेहमी करणाऱ्याकडेच द्या. हार्मोनियमचा कारागीर कितीही पट्टीचा असला तरी ब्रिज त्याच्या हाती देऊ नये.

खुंट्या एक-एक करून बाहेर काढा. प्रत्येक खुंटीवर दोन चकचकीत कडी दिसायला हवीत, खुंटीपेटीच्या दोन भिंतींशी घासून पडलेली. एकच कडं दिसलं तर खुंटी एकाच बाजूला धरते आहे आणि उन्हाळ्यात ती सुटणार हे नक्की. अशी खुंटी खडू चोळून सुधारत नाही, तिला रीमरने (भोक निमुळतं तासायच्या हत्याराने) बसवावं लागतं. दोन्ही कडी असतील तर पेग कंपाउंडचा (खुंटीला लावायच्या लेपाचा) पातळ हात पुरतो. ज्यांना ही कटकट नकोच, त्यांच्यासाठी गिअर असलेल्या खुंट्या आहेत: विटनर फाइनट्यूनमध्ये साडेआठला एक असं प्रमाण, म्हणजे खुंटी साडेआठ वेळा फिरवली की आतला दांडा एकदा फिरतो. बाहेरचा भाग भोकात घट्ट बसलेला असतो, त्यामुळे लाकूड आकसलं-फुगलं तरी खुंटी निसटत नाही. नागपूरच्या हवेत हा खर्च आम्हाला चैनीचा वाटत नाही.

सेटसोबतच्या तारा काढून टाका. नियम एकच: दोन्ही वाद्यांवरच्या तारांचा गाभा एकाच जातीचा असावा. व्हायोलिनवर सिंथेटिक आणि व्हायोलावर स्टील असेल तर व्हायोला झटकन बोलतो, पण पातळ बोलतो, आणि दोघांचे स्वर सुरू होण्याची पद्धतच जुळत नाही. व्हायोलिनवर थोमास्टिकच्या डॉमिनंट असतील (पर्लॉनच्या गाभ्याच्या या तारा १९७० पासून आहेत) तर व्हायोलावरही त्याच किंवा पिरास्ट्रोच्या टोनिकासारख्या सिंथेटिक घ्या. व्हायोलाची ए तार सगळ्यात किरकिरी असते, त्यामुळे खालच्या तीन एका कंपनीच्या आणि ए लार्सेनची ही जोडणी व्हायोलावाल्यांत रुळलेली आहे. मागवताना स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाचं माप) बघा: सोळा इंचीला लाँग लागते की मीडियम हे प्रत्येक कंपनी आपल्या तक्त्यात वेगळं सांगते. व्हायोलिनच्या बाजूनेही एक बदल करायचा, तो सहसा कोणी करत नाही. साध्या पोलादाच्या ई तारेऐवजी वेष्टण असलेली ई लावा. तिची शीळ कमी होते आणि वरचा स्वर व्हायोलापासून तुटून पडत नाही.

सेटमधला बो तोलून बघा. व्हायोलाचा बो सुमारे ७० ग्रॅमचा हवा, व्हायोलिनचा ६०च्या आसपास असतो. दहा ग्रॅम ऐकायला किरकोळ, पण सी तार हलवायला तेच लागतात. हलका निघाला तर पुढचा पहिला खर्च बोवर करा, पेटीवर नको. एकूण जे पैसे बाजूला काढले असतील त्यातला चौथा हिस्सा सेटअप, तारा आणि बो यांच्यासाठी आधीच वेगळा ठेवलेला बरा.

कूलर, नवतपा आणि खुंट्या

लाकडी वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारची बाहेरची हवा वीस टक्क्यांच्याही खाली कोरडी असते, आणि जुलैत तीच ऐंशी-नव्वदला जाते. एवढं पुरे नाही म्हणून की काय, मध्ये कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या, टिल्लू पंप सुरू, खोली गार आणि दमट. त्या खोलीत तासभर जुळवलेली जोडी बाहेर कोरड्या हवेत किंवा एसीच्या सभागृहात नेली की अर्ध्या तासात खुंट्या कुरकुरायला लागतात. लाकूड आकसतं, खुंटी भोकात सैल होते आणि तार धाडकन उतरते. पावसाळ्यात उलट, खुंटी फुगून इतकी घट्ट बसते की फिरवताना डोकं तुटायची भीती.

यावर उपाय महाग नाहीत, फक्त नेमाने करावे लागतात. वाद्य कूलरच्या झोतात ठेवायचं नाही. वाजवून झालं की पेटी बंद. पेटीत छोटा आर्द्रतामापक. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत एफ-होलमध्ये सोडायची ओलसर नळी वापरा, पण पिळून, बाहेरून पुसून. एक थेंबही पोटात पडू देऊ नका. पाऊस लागला की ती नळी काढून सिलिका जेलची पुडी. पेग कंपाउंडमध्ये थोडी चॉक पावडर उन्हाळ्यापुरती चालते. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, हे तर बाराही महिने.

कूलरचा दुसरा त्रास कानाचा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटारीची घरघर १०० हर्ट्झवर आणि तिच्या दुपटीवर, २०० हर्ट्झवर ऐकू येते. दोन्ही वाद्यांची मोकळी (बोट न ठेवलेली) जी तार १९६ हर्ट्झची. दोन्ही आवाज मिसळून सेकंदाला चार ठोके (आवाजाचे हेलकावे) पडतात आणि कान नकळत जी तार २००कडे चढवायला लागतो. मग खालच्या तारा चढलेल्या, वरच्या जागेवर, आणि दोघं एकमेकांना "तुझी तार चढली" म्हणत बसतात. जुळवताना कूलर पूर्ण बंद करा, नुसता पंप नव्हे, पंखाही. दहा मिनिटं घाम आला तर आला.

रोझिनबाबत सल्ला वेगळा पडतो. व्हायोलासाठी गडद, चिकट रोझिन वापरावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत ते खरंही आहे. एप्रिलनंतर तेच रोझिन मऊ पडून केसांना गोळा होतं आणि तार खरखरते. उन्हाळ्यात दोघांनीही फिकं, कडक रोझिन वापरावं, दोघांचं एकच असलं तर आणखी चांगलं. बोचे केस कोरड्या हवेत आखडतात, दमट हवेत लांबतात. पावसाळ्यात केस बदलून घेणार असाल तर कारागिराला जरा लांब ठेवायला सांगा, नाहीतर मे महिन्यात स्क्रू पूर्ण सैल करूनही बो ताणलेलाच राहतो आणि काडी वाकते. उभ्या गाडीत पेटी ठेवण्याबद्दल तर बोलायलाच नको. सरस मऊ होतो, जोड उघडतात. स्कूटरवर पायांशी पेटी ठेवून नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) धरमपेठेतून महालात जाणं हेही त्यातलंच.

गांधाराचा प्रश्न

व्हायोलिन जी-डी-ए-ई, व्हायोला सी-जी-डी-ए. तीन तारा दोघांच्या सारख्या. म्हणून जुळवणी सोपी वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. आधी दोघांनी ए ४४० जुळवावा, एकाने लांब धरायचा, दुसऱ्याने लावायचा. मग डी आणि जी, दोन्ही थेट एकमेकांशी, प्रत्येकाने आपापल्या पंचमाने नव्हे. राहिल्या व्हायोलाची सी आणि व्हायोलिनची ई. या दोन तारा एकमेकींच्या वैरिणी आहेत.

ए ४४० पासून शुद्ध पंचमांनी खाली आलं तर डी २९३.३, जी १९५.६ आणि सी १३०.४ हर्ट्झ. वर ई ६६०. आता सी हा षड्ज धरला तर ई हा त्याचा गांधार. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो मूळ स्वराच्या पाचपट असतो, इथे तो ६५१.९ येतो. व्हायोलिनची मोकळी ई त्याच्यापेक्षा आठ हर्ट्झ वर, म्हणजे बरोबर एका प्रमाण श्रुतीने, ८१/८०ने चढलेली. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या नागपूरकराला हा गांधार लगेच टोचतो. वाजवणाऱ्यांना मात्र आपण काय चुकलो ते कळत नाही, कारण प्रत्येकाचं वाद्य स्वतःपुरतं चोख जुळलेलं असतं.

तोडगा असा: सी किंचित चढवून ट्यूनरच्या १३०.८ वर आणा, ई किंचित उतरवून ६५९.३ वर. अंतर पाच हर्ट्झपर्यंत येतं. पूर्ण मिटत नाही. म्हणून ज्या स्वरसमूहात व्हायोलाची मोकळी सी लांब धरलेली आहे तिथे व्हायोलिनने मोकळी ई वाजवायचीच नाही. ए तारेवर चौथ्या बोटाने घ्यायची आणि ठोके थांबेपर्यंत बोट खाली सरकवायचं. व्हायोलिनच्या प्रतीत अशा जागांवर पेन्सिलने ४ लिहून ठेवा. दोन्ही वाद्यं वेगवेगळ्या क्लिप-ट्यूनरने जुळवून थेट वाजवायला बसणं हा जोडी न जमण्याचा सगळ्यात सामान्य प्रकार आहे. ट्यूनर ए आणि वरच्या सी-ई पुरता, बाकी कानाने.

आवाज कसा मिसळतो

सोळा इंची व्हायोलाची जी आणि डी तार या वर्गात उत्तम निघतात, व्हायोलिनच्या त्याच तारांपेक्षा रुंद आणि मऊ. ए तार सामान्य. सी तार नीट सेटअपनंतर समाधानकारक, पण ती बोलायला उशीर लावते, आणि तो उशीर व्हायोलिनवाल्याला व्हायोलावाल्याची चूक वाटतो. दोघांनी एकत्र सुरू करायच्या स्वरात व्हायोलाने बो तारेवर आधीच टेकवून, वजन देऊन ठेवायचा. व्हायोलिनने हवेतून उतरायचं. इशारा व्हायोलानेच द्यावा, कारण त्याच्या तारेला वेळ लागतो. बो व्हायोलावर सावकाश आणि ब्रिजच्या जरा जवळ. व्हायोलिनवरचा वेगवान, वरवरचा बो तिथे नुसती हवा काढतो.

मिसळण्याचं ओझं मात्र आमच्या मते व्हायोलिनवर जास्त आहे. व्हायोलाला जोर लावून वर आणता येत नाही, तो फक्त करकरतो. व्हायोलिनला खाली येता येतं: बो फिंगरबोर्डकडे बोटभर सरकवायचा, मोकळ्या ईऐवजी ए तारेवर वरच्या पोझिशनमध्ये वाजवायचं, व्हायब्रेटो (बोट हलवून स्वराला दिलेला कंप) मंद आणि थोडा रुंद करायचा. दोघांचा व्हायब्रेटो वेगळ्या गतीचा असेल तर लांब षष्ठ किंवा गांधार अंतर डळमळत राहतं. एकदा दोघांनीही व्हायब्रेटो बंद करून तीच ओळ वाजवून बघा. सूर आधी तिथे बसवायचा आणि मग कंप परत आणायचा. बोची दिशा सारखी ठेवली की पुरतं असं नाही, बोचा तोच भागही हवा. एक टोकाशी आणि दुसरा मुठीशी असेल तर शेवटच्या स्वराचं वजन कधीच जुळणार नाही.

बसण्याची जागाही आवाज बदलते. व्हायोलिन श्रोत्यांच्या डाव्या हाताला बसतं, त्याची वरची फळी श्रोत्यांकडे असते. व्हायोला समोरासमोर बसला की त्याचे एफ-होल मंचाच्या मागच्या पडद्याकडे जातात. आधीच हळू असलेलं वाद्य पडद्याला ऐकवलं जातं. व्हायोलावाल्याने खुर्ची श्रोत्यांकडे वळवावी, डावा खांदा जरा मागे घ्यावा, किंवा दोघांनी शेजारी-शेजारी बसून मध्ये एकच स्टँड ठेवावा. घरी सराव करताना मऊ गादी-पडद्यांची खोली टाळा, शहाबादी फरशीचा हॉल चांगला. देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या ठिकाणी माइक लागणारच. तेव्हा प्रत्येक वाद्याला चिकटवलेला माइक घेण्यापेक्षा दोघांसमोर पाच-सहा फुटांवर माइकची एकच जोडी लावा. चिकटवलेल्या माइकमध्ये बोचा खरखराट येतो, आणि तुम्ही तासन्‌तास जमवलेलं मिश्रण साउंडवाल्याच्या हातात जातं.

काय वाजवायचं ते थोडक्यात. व्हायोलिन वाजवणाऱ्याने व्हायोला हातात घेतला तर आल्टो क्लेफ आडवा येतो, मधल्या रेघेवर सी. एक युक्ती आहे: स्वर ट्रेबल क्लेफचे समजून व्हायोलिनवर तिसऱ्या पोझिशनला जे बोट, ज्या क्रमांकाच्या तारेवर पडलं असतं, तेच बोट व्हायोलावर पहिल्या पोझिशनमध्ये ठेवा. स्वर बरोबर येतो, शार्प-फ्लॅट तेवढे सांभाळायचे. महिनाभर चालवा, पुढे सोडा, नाहीतर पोझिशन बदलायची वेळ आली की सगळं कोसळतं. सुरुवातीला दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेले संगीतकार प्लेएलचे ऑपस (रचनाक्रमांक) ८ किंवा माझासचे ऑपस ३८ घ्या. दुसऱ्या व्हायोलिनचा भाग जीच्या खाली जात नाही, म्हणून तो व्हायोलावर जसाच्या तसा बसतो. फक्त ई तार नसल्याने वरच्या ईच्या पुढे पोझिशन बदलावी लागते. बार्टोकच्या ४४ जोडगीतांनाही हेच लागू. खास याच जोडीसाठी लिहिलेल्यांत मोझार्टच्या दोन रचना, के. ४२३ आणि के. ४२४ (त्याच्या रचनांच्या यादीतले क्रमांक), साल १७८३. संगीतकार मिखाएल हायडन आजारी पडल्याने त्याच्या सहा रचनांचा संच पुरा करायला मोझार्टने त्या लिहून दिल्या असं सांगतात. आधी ४२३ घ्या, ती जी मेजरमध्ये आहे आणि मोकळ्या तारा साथ देतात. ४२४ बी फ्लॅटमध्ये, तिथे ही साथ कमी मिळते. हँडेलच्या सुरावटीवरचा हालवॉर्सेनचा पासाकालिया सगळ्यांना पहिल्याच महिन्यात हवा असतो. विद्यार्थी व्हायोलावर तो घाईने घेऊ नका, सी तारेवरचे जलद स्वर चिखल होतात.

रागसंगीतासाठी जोडी लावायची तर षड्ज पांढरी दोन धरावा. व्हायोलिन प-सा-प-सा म्हणजे ए-डी-ए-डी, व्हायोला सा-प-सा-प म्हणजे डी-ए-डी-ए. व्हायोलिनची जी आणि व्हायोलाच्या सी-जी एकेका पूर्ण स्वराने चढतात, ई उतरते. चढवलेल्या तारेवर ताण २६ टक्क्यांनी वाढतो, म्हणून एका दमात नको, दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक वेळी ब्रिज पुढे झुकला नाही ना ते बघून. गंमत म्हणजे पंधरा इंची व्हायोलाची लुळी सी तार याच जुळवणीत अंग धरते. ज्यांना मुख्यतः राग आणि भावगीतंच वाजवायची आहेत त्यांना पंधरा इंची पुरेल, सोळाचा हट्ट नको. मात्र रोज पाश्चात्त्य आणि रागाची जुळवणी अशी आलटून-पालटून करू नका, तारा नटपाशी तुटतात.

सोळा इंची विद्यार्थी व्हायोला सेट, पेटीतून काढल्या अवस्थेत: पाचपैकी दोन. ब्रिज-नट तासून, सिंथेटिक तारा आणि योग्य वजनाचा बो घेऊन: पावणेचार. घरात आधीच नीट सेटअप केलेलं व्हायोलिन आहे आणि जोडीदार ठरलेला आहे, त्याने घ्यावा. जोडीदार अजून ठरलेला नाही त्याने थांबावं. कोणत्या व्हायोलिनशी जुळवायचा तेच माहीत नसताना व्हायोला निवडता येत नाही. मागवायचाच असेल तर जुलै-ऑगस्ट टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागवा, हवा मध्यम असते. त्या दिवसांत बसवलेल्या खुंट्या दोन्ही ऋतूंत त्यातल्या त्यात कमी छळतात. परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी विचारा आणि त्या मुदतीत दोन गोष्टी तपासा: फिंगरबोर्ड गळ्यापाशी सुटलेला नाही ना, आणि पाठीच्या कडेने बोटाच्या पेराने टकटक करत गेल्यावर कुठे फुटका आवाज येत नाही ना.